पिशवीवरचा मुलगा

चंद्र माझ्या बुडाखाली होता.
हसू नका, सांगतो तसं ऐका.

रबरी कापडाची पिशवी, पाचरीच्या आकाराची,
आत प्राणवायू ठासून भरलेला,
वर फळी, आणि फळीवर ठेवायची लोखंडी वजनं.
पण वजनांना गाडीभाडं पडतं,
आणि ट्रेम्लेटसाहेब हिशेबाला चोख.
म्हणून मी. जॅबेझ, वय वर्षं अकरा.
आठवड्याला दोन शिलिंग, रात्री मटणाची पेस्टी,
तीही पोटभर, कारण मी वाळलो असतो
तर उजेड वाळला असता.

पिशवीतून नळी, नळीतून ज्योत,
ज्योतीच्या तोंडी चुन्याची कांडी.
कांडी अशी पांढरीफटक तापायची
की बघणाऱ्याच्या डोळ्यांत नंतर तासभर हिरवे ठिपके.
"हललास तर उजेड हलेल," साहेब म्हणायचे,
"आणि उठलास तर ज्योत मागे फिरेल, पिशवीत शिरेल,
मग आपण सगळेच चंद्रावर, बिनतिकिटाचे."

असा मी कॉर्नवॉलभर बसून हिंडलो.
कथिलाच्या खाणींची गावं,
प्रार्थनाघरांच्या मागचे दिवाणखाने,
ओल्या कोटांचा वास.
मंगळवारी ज्वालामुखी.
गुरुवारी दारूचे दुष्परिणाम, बारा काचांत.
शनिवारी चंद्र, आणि शनिवारी उभं राहायला जागा नाही.

साहेब काठी आपटायचे,
सायलस पुढची काच सरकवायचा.
काच उलटी घातली की चित्र सुलटं पडतं,
हे मला बाराच्या पाढ्याआधी पाठ झालं.
पण चित्र कुठलं दिसायला!
माझ्यासमोर दिव्याची पत्र्याची पेटी, तिचं धुराडं,
आणि दोन्ही बाजूंनी लोकांच्या माना.
मानांवरून ओळखायचो मी.
एकदम मागे कलल्या की पर्वत.
खांद्यांत रुतल्या की बुडणारं जहाज.

एकदा दिव्यात माशी शिरली
आणि चंद्रावर चालू लागली, म्हणे, बैलाएवढी.
दिवाणखाना हसून हसून आडवा.
मी दात आवळून बसलो.
माझ्या हसण्याने चंद्र हलला असता.

पोल्वेनला गेलो त्या आठवड्यात
तिथले दोघे खाणीतून वर आले नव्हते.
व्याख्यान रद्द करावं, असं सायलस म्हणाला.
लोकच म्हणाले, नको, दाखवा.
साहेबांनी मैल सांगितले, विवरांची नावं सांगितली,
शेवटी नेहमीसारखं, कुणाला काही शंका?
काळ्या शालीतली थॉमझिन उभी राहिली.
"तिथं कुणी उतरलंय का?"
वर जाणं त्या गावाला ठाऊकच नव्हतं,
जायचं म्हणजे उतरायचं.
"आणि उतरलेलं परत येतं का?"

ज्वालामुखीपासून यकृतापर्यंत
सगळ्याचं उत्तर असलेले साहेब खाकरले.
काठी हातातून निसटली, फरशीवर आपटली.
सायलसला वाटलं इशारा, त्याने काच सरकवली:
मुलांसाठी शेवटी ठेवलेलं रंगीत चक्र
गरगर, गरगर, त्या बाईच्या तोंडावर,
लाल, हिरवं, लाल.
कुणी काही बोललं नाही.
मला उठायचं होतं.
कशासाठी ते तेव्हाही कळलं नव्हतं, पण उठायचं होतं.
उजेड तसूभर हलला नाही.

पुढे प्राणवायू पोलादी नळकांड्यांत भरून येऊ लागला.
चौदाव्या वर्षी साहेबांनी हात हातात घेतला,
अर्धा क्राउन जास्तीचा दिला.
तिसऱ्या दिवशी मी फॅलमथच्या धक्क्यावर,
कोळशाच्या काट्यापाशी, वजनं उचलत.

आता म्हातारपणी लव्हडे मला सिनेमाला नेते.
पुढून तिसरी रांग, मऊ खुर्ची.
पडद्यावर एक जाडा माणूस शिडीवरून पडतो,
लोक खिदळतात, ती डोळे पुसत खिदळते,
मग माझ्याकडे बघते.
"अहो, जरा सैल बसा की!
खुर्ची काय पळून जातेय?"

मी मान डोलावतो.
हळू.